रकाना सतरा

चारशे बारा फॉर्म, तीन पोती.
एका पोत्याला अजून घोड्याचा वास.
नारिनमध्ये फेब्रुवारी आहे, हीटर एकच,
तो मी माझ्या पायांना दिलाय, कॉम्प्युटरला नाही.

मी घरं टाइप करते.
हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन,
आठ म्हणजे माहीत नाही,
नऊ म्हणजे सांगायचं नाही.
माहीत नाही आणि सांगायचं नाही
यांत किती अंतर असतं देव जाणे,
आमच्याकडे एका आकड्याचं आहे.

प्रश्न सतरावा:
गेल्या तीस दिवसांत घरात जेवण कधी कमी पडलं का?

इथे लोक अडखळतात.
कुणी आधी एक, मग खोडून दोन.
एकीने उलट विचारलंय,
"कुणाला? मला की मुलांना?"
आणि विचारणाऱ्याने ते समासात
इमानेइतबारे उतरवून घेतलंय.
याचं काय करायचं ते पुस्तिकेत नाही.
मी एक टाकलं.

मग कोक-जार आलं.
एकेचाळीस घरं.
दोन. दोन. दोन. दोन.
बोट दोनवरून उठेचना.
खाली सगळीकडे एकच सही, तालाय,
एकच निळं पेन, एकच तारीख.

कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं.
गुडघाभर बर्फातून कोण वाजवत जातं
एका दिवसात एकेचाळीस दारं?
पोरगं चहाच्या दुकानात बसून
भरत गेलं असणार.

बुरमा-एजेंनी चष्मा न काढताच पाहिलं.
"काढून टाक. एवढं एकमत
फक्त निवडणुकीत होतं."

एक बोट डिलीटवर ठेवून
दुसऱ्या हाताने मी फोन लावला.

तालाय मेंढ्यांत होता.
फोनमध्ये वारा जास्त, तो कमी.
"गेलो होतो की!
सगळे एकाच जागी सापडले.
असानकुल आजोबा आदल्या रात्री गेलेले.
अंगणात लोकरीचा तंबू, घोडा कापलेला,
कढई उकळतेय, अख्खं गाव तिथे.
मग विचारत गेलो रांगेने,
चार दिवसांचं काम एका दिवसात."
जरा थांबून:
"चुकलं का?"

चुकलं.
पुस्तिकेत आहे: घरी, एकट्याला, शांतपणे.

पण मला दिसत राहिलं ते अंगण.
हातात वाफाळता वाडगा, खांद्याला शेजाऱ्याचा खांदा,
तंबूत बायका हेल काढून रडताहेत,
आणि एक पोरगा, कानटोपी काढून, फॉर्म घेऊन:
जेवण कमी पडलं का?

काय सांगणार माणूस?
ज्याचं पीठ मंगळवारीच संपलं
तोही दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून
म्हणणार, नाही, पुरलं.
आणि ते खोटं तरी कसं म्हणू,
त्या दुपारी पुरलंच होतं.

"घोडा त्यांचाच होता?" मी उगीच विचारलं.
"छे, त्यांच्याकडे कुठला घोडा.
आठ घरांनी मिळून आणला. उधारीवर."

फोन ठेवला आणि उजवीकडे सरकत गेले,
अठरा, एकोणीस, गुरं, कोळसा,
तेविसावा रकाना: या महिन्यात नवीन कर्ज?
दोन, दोन, एक.
दोन, एक, एक.
खालपर्यंत बोटाने मोजले.
आठ.

घोड्याबद्दल कुणी त्याला विचारलं नव्हतं.
तरी तो तिथे उभा होता,
आठ ओळींत, पाय रोवून.

एकेचाळीस घरं मी काढली नाहीत.
शेवटी एक रकाना वाढवला: कुठे विचारलं.
मयताच्या घरी, असं टाइप केलं;
मशीन म्हणालं, फक्त आकडा.
सात कुणी वापरलेला नव्हता, तो घेतला.
सात म्हणजे काय ते पुस्तिकेच्या मागच्या पानावर
पेनाने लिहून ठेवलंय.
राजधानीत मागचं पान कोण उलटतं, ते सोडा.

दुसरं पोतं सोडलं.
आता आधी तारखा बघते,
मग फोन करून विचारते
त्या दिवशी गावात काय होतं.
बुरमा-एजे म्हणतात, फोनचं बिल
सर्वेक्षणात बसत नाही.